चोवीस निळ्या लडी

धाकट्या भावाला रंगाऱ्याने रंगशाळेतून हाकललं ते एका हिरव्या रंगावरून. लोकांच्या घरात भाऊबंदकी होते ती जमिनीवरून, सामाईक भिंतीवरून, फार तर जावाजावांच्या बोलण्यावरून. इथे झाली ती चाळीस लडी सुतावरून.

काही नाटकवाल्यांना पडद्यासाठी गडद हिरवं सूत हवं होतं. हिरवा झाडावर दिसतो खरा, पण झाडातून निघत नाही. सूत आधी निळीत बुडवायचं, मग पिवळ्यात, आणि हवा तसा हिरवा येईपर्यंत ते सोडायचं नाही. रंगाऱ्याने काठीवर वाळणाऱ्या लडींवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "झालं. बांधायला घे."

"दादा, अजून निळंच दिसतंय हे," धाकटा म्हणाला. "पिवळा अंगी लागलेलाच नाही. आणखी दोन हात द्यायला हवेत."

"मी काय म्हणालो?"

"बांधायला घे म्हणालास."

"मग बांध."

धाकट्याने बांधल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा यायच्या आत त्याने सगळ्या लडी पुन्हा पिवळ्यातून काढल्या. रंगारी आला तेव्हा भावाचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. रंगाऱ्याचं तोंड मुळातच फटकळ. त्यात माल न्यायला आलेला माणूस दारात उभा, शेजारचे दोघे उगाच उभे, आणि स्वतःची लेक समोर. त्या सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "तुझे डोळे फुटलेत. रंगाऱ्याच्या घरी जन्माला आलास हीच चूक झाली. जा, भिंतींना चुना लाव."

धाकट्याने अंगावरचं फडकं सोडून खिळ्याला अडकवलं, पायात चपला घातल्या आणि तो गेला. नाटकवाल्यांनी माल बिनतक्रार नेला, तेव्हा रंगारी लेकीला म्हणाला, "गिऱ्हाईकही आंधळंच निघालं."

पुढे कळलं की धाकटा खरोखरच भिंती रंगवायच्या कामाला लागला. रंगाऱ्याने ते ऐकून घेतलं आणि निळीच्या पिपावरचं झाकण उघडून वास घेतला, जणू कुणी हवापाण्याचं बोललं होतं.

याला चार वर्षं झाली आणि एक दिवस दारात तीन परकी माणसं आणि एक दुभाषी पोरगी येऊन उभी राहिली.

तिघं तीन देशांची. एक विणकरीण, उंचनिंच, केस पांढरे, बोलणं मोजकं. एक कातणारी म्हातारी; ती चालतानाही सूत कातायची चाती फिरवायची आणि हसायला दात नसले तरी हसायची. आणि एक कशिदेकार, गोलमटोल, तोंडाची टकळी अखंड चालू. त्यांना मिळून एक प्रदर्शन करायचं होतं. चौघांनी मिळून एकच कापड, पहाटेच्या आभाळाचं: एका टोकाला काळोख, दुसऱ्या टोकाला उजाडलेलं, आणि मध्ये कुठेही सांधा दिसता कामा नये. म्हातारी सूत कातणार, विणकरीण विणणार, कशिदेकार त्यावर पांढऱ्या धाग्याने पाखरं काढणार. रंगाला त्यांना हा रंगारी हवा होता. त्याने वीस वर्षांपूर्वी रंगवलेला एक तुकडा विणकरणीने कुठल्याशा संग्रहालयात पाहिला होता आणि तेव्हापासून ती पत्ता शोधत होती.

"त्या म्हणतात, असा निळा त्यांनी दुसरीकडे पाहिला नाही," दुभाषी म्हणाली.

"दिसणार कसा," रंगारी म्हणाला. "किती छटा हव्यात?"

"चोवीस."

"पंचवीस देईन म्हणावं. पण मध्ये बोलायचं नाही कुणी."

त्याला फार आनंद झाला होता. बाहेरून दिसला नाही, पण त्या दिवशी त्याने दाढी दोनदा केली. चार देशांची माणसं आणि त्यांत आपण. बायको असती तर तिने चारचौघींत सांगितलं असतं. ती नव्हती, भाऊ होता, पण नसल्यासारखा. राहिली लेक. ती दिवसभर निळीच्या पिपापाशी जाऊन येऊन होती.

काम सुरू झालं ते एका बंद पडलेल्या छापखान्याच्या इमारतीत. खाली लांबलचक दालन, फरशीवर शाईचे जुने डाग, उंच खिडक्या. तिथे माग लावला. वरच्या मजल्यावर प्रदर्शन व्हायचं होतं. रंगवणं मात्र रंगाऱ्याच्या घरामागेच. निळीचं पीप काही उचलून नेता येत नाही. ते गरोदर बाईसारखं सांभाळावं लागतं. ऊब हवी, वेळेवर खाऊ घालायला हवं, रोज ढवळायला हवं.

निळीचं एक नवल आहे. सूत पिपातून वर काढलं की ते निळं नसतंच, हिरवट पिवळं असतं. मग त्याला वारा लागतो आणि बघता बघता हिरवा पळतो, निळा चढतो. किती वेळा बुडवायचं आणि कधी थांबायचं हे त्या पळत्या हिरव्यावरून ओळखायचं. रंगारी सात वर्षांचा असताना बापाने त्याला हे दाखवलं होतं. अलीकडे त्याला हिरवा पळताना दिसत नव्हता. त्याला वाटायचं, हल्ली नीळच आळशी झाली आहे, माल पूर्वीसारखा येत नाही. मग तो आकडे मोजायचा. सर्वांत फिक्या छटेला एक बुडी, त्यापुढच्या गडद छटेला दोन, असं. हात सरावलेले होते, मोजणी पाठ होती. दुपारी जेवून तो तासभर पडायचा तेव्हा लेक उरलेलं आवरायची.

तीन आठवड्यांनी त्याने चोवीस लडी छापखान्यात नेल्या आणि लांब टेबलावर एकीशेजारी एक मांडल्या, काळोखापासून उजेडापर्यंत. विणकरीण बराच वेळ पाहत राहिली. म्हातारीची चाती थांबली. कशिदेकार काही बोलणार होता, पण विणकरणीने त्याच्या दंडावर हात ठेवला. मग ती दुभाषीला दोन शब्द बोलली.

"त्या म्हणतात, सुंदर."

"एवढंच?"

"फार सुंदर," दुभाषी म्हणाली आणि लेकीकडे पाहू लागली.

रंगाऱ्याला वाटलं, थोडं बोलणारी बाई आहे, तिच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

तीन महिन्यांनी कापड मागावरून उतरलं. लांबी पंधरा हात. कशिदेकाराने आठ दिवस पाखरं काढली. लडी दिल्यानंतर काही आठवडे लेक रविवारी सबंध दिवस घरी नसायची. विचारलं की म्हणायची, "माग बसवायला मदत करतेय." रंगाऱ्याला त्यात वावगं वाटलं नाही.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी दुपारी वरचं दालन माणसांनी भरलं होतं. कापड एका भिंतीवर आडवं ताणलेलं. माणसं एका टोकाकडून चालत दुसऱ्या टोकाला जायची, मग परत उलटी यायची. एक बाई उगाचच डोळे पुसत होती. भाषणं झाली. पाटीवर चौघांची नावं होती आणि रंगाऱ्याचं दुसरं होतं. लोक येऊन त्याचा हात हातात घेत होते. "हे हात," एक जण म्हणाला, आणि पुढे काय म्हणावं ते न सुचल्याने हात तसाच धरून उभा राहिला. रंगाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला टोचून बोलल्याशिवाय एक अख्खी दुपार काढली.

गर्दी ओसरली तेव्हा कशिदेकार घाम पुसत आला. त्याला दुसऱ्या दिवशी आपल्या देशाला जायचं होतं. त्याने दुभाषीला जवळ ओढलं आणि भराभरा काही सांगितलं. पोरगी दिवसभर बोलून थकली होती. जे कानांवर पडलं ते तिने तसंच पुढे दिलं.

"ते विचारतात, काका, ती पहिली चोवीस लडींची खेप वापरली नाही ना आपण, ती खाली पोत्यात पडून आहे. तुमची हरकत नसेल तर ती घेऊन जाऊ का म्हणतात, कशिद्याला उपयोगी पडेल."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात नेला. कशिदेकार मात्र आशेने हसत उभा होता.

"कुठली पहिली खेप?" रंगारी म्हणाला.

"काका, माझं ऐकण्यात चुकलं."

"पोरी, तू पाच भाषा ऐकतेस. तुझं चुकत नाही. कुठे आहे पोतं?"

लेक पाण्याचे पेले गोळा करत होती. तिने बापाला जिन्याकडे जाताना पाहिलं आणि पेले होते तिथे ठेवून ती मागे धावली. तोवर तो खालच्या सामानाच्या खोलीत पोचला होता. कागदांच्या गठ्ठ्यांमागे पोतं होतं. त्याने तोंड सोडून आत हात घातला. त्याला डोळ्यांची गरजच पडली नाही. लडी बांधताना तो दोरा डाव्या बाजूने दोनदा फिरवून आत खोचायचा. ही खोड त्याला बापाकडून आली होती. एक, दोन, तीन, तो बोटांनी गाठी मोजत गेला. चोवीस भरल्या. एकही लड सोडलेली नव्हती.

"वर माझं काय आहे मग?" त्याने विचारलं.

लेक दाराला टेकून उभी होती. "बाबा, घरी जाऊन बोलू."

"वर माझं काय आहे?"

"काही नाही."

तो पोत्याशेजारी खाली बसला. बाहेर दालनात खुर्च्या आवरल्याचा आवाज येत होता.

"काय वाईट आहे यात?" त्याने एक लड तिच्यासमोर धरली. "सांग मला. ही कितवी आहे?"

"तुम्ही सांगा."

"चौथी. काळोखातली."

"ही हिरवट आहे, बाबा. करडी हिरवट. आणि तिच्या शेजारी जी तुम्ही पाचवी म्हणून ठेवली होती, ती जवळजवळ काळी आहे. मागच्या सहा एकसारख्या आहेत. शेवटच्या दोघींना रंगच नाही." तिने ती लड त्याच्या हातून काढून घेतली. "तुम्हाला निळं दिसत नाही. खूप दिवस झाले."

"किती?"

तिने पोत्याच्या तोंडाचा दोरा बोटाभोवती गुंडाळला.

"किती दिवस झाले?"

"चार वर्षं तरी."

रंगाऱ्याने मनातल्या मनात मागे मोजलं आणि चाळीस लडींपाशी येऊन तो थांबला. हिरव्या नव्हत्या त्या. धाकटा म्हणाला होता तशा निळ्याच होत्या.

"तेव्हापासूनचा सगळा माल?"

"तुम्ही दुपारी झोपलात की मी पुन्हा काढायची. जमेल तेवढं. पण या चोवीस छटा मला एकटीला जमेनात. एक साधली की दुसरी बिघडायची." तिने डोळे पुसले. "मी काकाकडे गेले. आपल्याच पिपातली नीळ बादल्यांतून नेली. रविवारी त्याच्या मागच्या अंगणात त्याने रंगवल्या. पाच रविवार."

"त्याला सांगितलंस, माझं नाव लागणार म्हणून?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, झाकण नीट लाव, उन्हाने नीळ मरेल."

सगळ्यांना माहीत होतं. विणकरणीला माहीत होतं, म्हणून ती फक्त सुंदर म्हणाली. म्हातारीला माहीत होतं. कशिदेकाराला माहीत होतं, आणि त्या भोळसट माणसाला वाटलं असणार की रंगाऱ्यालाही माहीत आहे. मघाशी हात धरून उभा राहिलेल्या त्या अनोळखी माणसाची रंगाऱ्याला आठवण झाली आणि त्याला अंगावरचे कपडे काढून घेतल्यासारखं वाटलं. लेकीला त्याने नुसतं पोत्याचं तोंड बांधायला सांगितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला घरी परतताना वाटत राहिलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दिवे मारून पाहिलं, ठिपक्यांचे कागद दाखवले, डोळ्यांतला दाब मोजला. "आतली नस वाळत चालली आहे," त्या म्हणाल्या. "अशात बऱ्याचदा आधी निळा जातो. लोकांना पत्ता लागत नाही, कारण निळ्यावाचून कुणाचं फारसं अडत नाही. काम काय करता तुम्ही?"

"रंगारी आहे."

"भिंतींचे?"

"सुताचा."

त्यांनी लिहिणं थांबवलं. मग पुन्हा लिहायला लागल्या. "गेलं ते परत येणार नाही. थेंब देते, त्यांनी उरलेलं राखता येईल. तीनचार वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं."

लेक शेजारीच बसली होती. तिने अनेकदा म्हटलं होतं, एकदा डोळे दाखवून या. आणि त्याने प्रत्येक वेळी म्हटलं होतं, "लोक मला डोळे दाखवायला येतात, मी कुणाला दाखवू?" हे तिला आठवत होतं आणि त्यालाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

धाकटा एका नव्या शाळेचा जिना रंगवत होता. रंगारी गेला तेव्हा तो लाकडी घोडीवर उभा होता, तोंडाला फडकं बांधलेलं, भुवयांवर पांढरी पूड. चार वर्षांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. दादाला पाहून तो खाली उतरला, हात फडक्याला पुसले आणि पायरीवरची भुकटी झाडून जागा करून दिली.

"बस. ओला कठडा लागेल, सांभाळ."

दोघं एका पायरीवर बसले. काय बोलायचं ते रंगाऱ्याने वाटेत तीनदा ठरवलं होतं. आता त्यातलं काही आठवेना.

"हा कुठला लावतोयस?" त्याने भिंतीकडे बघत विचारलं.

"पांढरा."

"बरा आहे."

धाकट्याला हसू आलं आणि खोकलाही आला. बराच वेळ खोकून झाल्यावर तो म्हणाला, "पुडीने होतं असं. तुझं काय निघालं डॉक्टरकडे?"

"निळा गेला म्हणाली. बाकी राहील."

"हं."

"त्या दिवशी तू बरोबर होतास," रंगारी म्हणाला. हे वाक्य बाहेर पडायला फार जोर लागला. "चारचौघांत बोललो मी तुला. चारचौघांतच माफी मागायला हवी, पण इथे कुणी नाही."

"असू दे."

"असू दे काय? पाटीवरचं माझं नाव काढायला सांगितलंय मी. तुझं लावतील. तू परत ये. पीप तुझंच आहे."

धाकटा पायरीवरचा सुकलेला रंगाचा थेंब नखाने खरवडत राहिला. "दादा, तुला एक सांगायचंय. पोरीला मी सांगितलेलं नाही." तो थांबला. "मला तेव्हाच कळलं होतं. हिरव्याच्या दिवशी नाही, त्या दिवशी नुसता राग होता. नंतर आठ दिवसांनी. माझ्या मुकादमाचे वडील, त्यांचंही असंच झालेलं. आधी निळा गेला, मग कडा गेल्या, आता कुणीतरी हात धरून नेतं. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुला सांगायला म्हणून निघालो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो. तू बाहेर उभा राहून कुणाला तरी हसून सांगत होतास, भाऊ चुना लावतोय म्हणून."

रंगाऱ्याला तो दिवस आठवत नव्हता. असं तो अनेकांना सांगत असे.

"मी मागे फिरलो. म्हटलं, कळू दे त्याचं त्याला. एवढा शहाणा आहे तर कळेल. मग महिना गेला, वर्ष गेलं. जेवढा उशीर होत गेला तेवढं सांगायला तोंड राहिलं नाही." त्याने आता दादाकडे पाहिलं. "तेव्हा डॉक्टरकडे गेला असतास तर वाचले असते का डोळे? काय म्हणाली डॉक्टर?"

रंगाऱ्याने आयुष्यभर कुणाची भीड ठेवली नव्हती. बायको आजारी असतानाही तिला तो तिच्या तोंडावर म्हणाला होता, तू काही यातून उठत नाहीस. आता तो भिंतीकडे बघत म्हणाला, "काही फरक पडला नसता. असल्या दुखण्याला औषधच नाही म्हणाली."

धाकट्याने रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

"पोरगी येऊन गेली काल," तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाली ते सगळं सांगून गेली. तिला माहीत नव्हतं ती कुणाला सांगतेय."

रंगारी उठायला गेला आणि ओल्या कठड्याला त्याचा हात लागला.

"तू माझ्यासाठी खोटं बोललास दादा. जन्मात पहिल्यांदा. आधी शिव्या द्यायचास त्या तरी मला परत करता यायच्या. आता याचं मी काय करू?"

"काही करू नकोस. ये नुसता."

"बघतो," धाकटा म्हणाला आणि घोडीवर चढला.

तो आला एकदा. विणकरीण जायच्या आधीचा रविवार होता. लेकीने त्याचं फडकं धुऊन खिळ्याला लावून ठेवलं होतं. त्याने ते बांधलं, पिपाचं झाकण काढलं, बोट बुडवून चाखलं आणि मान हलवली. दोघा भावांनी सकाळभर काम केलं. बुडवणं, पिळणं, झटकणं, काठीवर टाकणं. हात जुने होते, एकमेकांना न विचारता चालत होते. लेकीला वाटलं, बसली घडी. पण रंगारी अधूनमधून चुकीच्या लडीला हात घालायचा, आणि धाकटा ते बघायचा, आणि तोंड दुसरीकडे करायचा. टोकत नव्हता. हिरव्याच्या दिवशी त्याने टोकलं होतं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा रंगाऱ्यानेच लड खाली ठेवली आणि म्हणाला, "सांग ना चुकलं म्हणून."

"नाही चुकलं," धाकटा म्हणाला. "चालतंय."

जेवायला तो थांबला नाही. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही. लेक दोनदा बोलवायला गेली. दोन्ही वेळा त्याने तिला चहा दिला, काम फार आहे म्हणाला आणि दादा थेंब वेळेवर घालतो का ते विचारलं. तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा घराला कुलूप होतं. मुकादमाबरोबर दुसऱ्या शहरात मोठ्या कामावर गेलाय, असं शेजारणीने सांगितलं. पत्ता ठेवला नव्हता.

पाटीवर त्याचं नाव लागलं. ते बघायला तो गेला की नाही, कुणाला माहीत नाही. विणकरणीने निरोप घेताना रंगाऱ्याचे दोन्ही हात धरले आणि दुभाषीमार्फत म्हणाली, वीस वर्षांपूर्वीचा तो तुकडा तुमचाच होता, तो कुणी काढून घेऊ शकत नाही. तिचा हेतू चांगला होता. रंगाऱ्याने मान डोलावली. त्या तुकड्यातला निळा कसा होता ते डोळ्यांपुढे आणायचा त्याने त्या संध्याकाळी प्रयत्न केला. आला तो करडा. मग बापाच्या हातातली पहिली लड आठवून पाहिली, तीही करडीच आली. आठवणीतला तरी शाबूत असेल असं त्याला वाटलं होतं. त्यानंतर त्याने पुन्हा आठवून पाहिलं नाही.

कापड गुंडाळून पुढच्या देशी गेलं, तिथून आणखी पुढे जाणार होतं. छापखान्याचं दालन रिकामं झालं. लेकीने पावसाळा संपेपर्यंत पीप कसंबसं चालू ठेवलं. पण एकटीने त्याच्यामागे दिवसातून चार वेळा धावायचं, बाकीचे रंग सांभाळायचे, घर बघायचं. एका आठवड्यात ती तापाने पडली आणि नीळ नासली. दुर्गंधी सुटली तेव्हा रंगाऱ्याने स्वतः पीप उपसून गटारात ओतलं. नवं लावू या का, असं त्याने विचारलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही. आता ती लाल, तपकिरी, मातकट एवढेच रंग करते. गिऱ्हाईक थोडं कमी झालं आहे.

रंगाऱ्याकडे धुणं आहे. कोरं सूत उकळून तेल काढायचं, खळखळून धुवायचं, रंगवलेल्या लडी पाणी नितळ येईपर्यंत पिळायच्या. पाणी नितळलं की नाही ते तो बोटांना बुळबुळ लागते का यावरून ओळखतो. सकाळी सहाला बसतो, दुपारी झोपत नाही. थेंब वेळेवर घालतो. तरी डाव्या डोळ्याची कड आता धूसर झाली आहे; जाणाऱ्या माणसाचा अर्धा खांदा त्याला दिसत नाही, आणि बाकीचे रंगही आता एकमेकांत मिसळू लागले आहेत.

परवा एक नवी बाई चौकशीला आली. लेक आत होती. बाई काठीवरच्या लडींपाशी गेली, एकीला हात लावला आणि म्हणाली, "हा फार छान आहे हो. काय म्हणतात या रंगाला?"

रंगाऱ्याने मान वर केली. काठीवर काहीतरी लोंबत होतं, ओलं होतं, ठिबकत होतं.

"लेकीला विचारा," तो म्हणाला आणि पाणी बदलायला उठला.